धुराड्यांचा हंगाम आणि हवेचा ऋतु

समुद्रकांठच्या मुंबईस खाऱ्या व मतलई वाऱ्यांचा नैसर्गिक पंखा लाभला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यास तो नाहीं. प्रवरानगरास सहकारी साखर कारखान्याचें पहिलें गळीत १९५० सालीं झालें; पुढें जिल्हाभर धुराडीं उभीं राहिलीं.

गळिताचा हंगाम साधारणतः कार्तिक ते फाल्गुन चालतो. नेमक्या त्याच काळांत, थंडीच्या रात्रीं, जमीन लौकर निवते. तिच्यालगतची हवा गार व जड होते, वरची मात्र उबदार राहते. या उबदार झांकणाखालीं धूर कोंडतो. उन्हाळ्यांत तापलेली हवा धूर उंच नेते, परंतु धूळ उडविते. पावसाच्या सरी हवा धुऊन काढतात. पण तेव्हां भट्ट्या थंड असतात!

वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी गृहिणीस दिसते. फुप्फुसांत खोल शिरणारे, अडीच मायक्रॉनहून बारीक कण दिसत नाहींत. भारताच्या २००९ सालच्या मानकानुसार त्यांचें चोवीस तासांचें प्रमाण घनमीटरमागें ६० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावें. याकरितां कारखान्यांनीं राख अडविणारीं यंत्रें अखंड चालवावींत आणि शेतकऱ्यांनीं उसाचें पाचट न जाळतां शेतांतच कुजवावें. तोंवर पहांटे फिरावयास जाणाऱ्यांनीं हिंवाळ्यापुरतें तरी ऊन वर आल्यावरच बाहेर पडावें.