एक बर्थ आणि दोन प्रवासी

आगगाडीच्या आरक्षणाची जुनी पद्धत ज्यांनी अनुभवली आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर ती जाड, कोपरे दुमडलेली नोंदवही सहज उभी राहील. खिडकीमागे कारकून बसलेला असे, त्याच्यापुढे त्या त्या गाडीची, त्या त्या तारखेची वही उघडलेली असे, आणि अर्ज हातात घेऊन आपण रांगेत ताटकळत असू. रांग चुकली की सकाळ वाया गेली. परतीच्या प्रवासाची जागा हवी असल्यास दुसऱ्या स्थानकाला तार जाई, आणि तिचे उत्तर वेळेवर येईल की नाही ह्या विवंचनेतच पुष्कळांचा प्रवास सुरू होई. त्या पद्धतीला आपण पुष्कळ नावे ठेवली. तथापि तिच्या अंगी एक गुण होता, तो मात्र आपल्या ध्यानात कधी आला नाही. वही एकच होती, आणि ती एका वेळी एकाच कारकुनाच्या हाताखाली असे. त्यामुळे एकच बर्थ दोघांच्या नावे लिहिला जाण्याचा प्रसंग विरळा.

१९८५ साली दिल्लीत संगणकाद्वारे आरक्षण देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि १९९९ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे परस्परांशी जोडली गेली. बेळगावच्या खिडकीवर उभे राहून ग्वाल्हेरहून सुटणाऱ्या गाडीची जागा मागावी, हे मग नवलाचे राहिले नाही. २००२ पासून तर खिडकीचीही गरज उरली नाही. आज सकाळी दहाच्या ठोक्याला वातानुकूलित वर्गाच्या तत्काळ जागा खुल्या होतात, तेव्हा देशभरातून असंख्य हात एकाच पानावर एकाच क्षणी पडतात. वही आता कोणाच्याच कोपराखाली नाही. मग एक बर्थ दोघांना कसा जात नाही? आजच्या भाषणात मला ह्याच प्रश्नाचे उत्तर सांगावयाचे आहे.

चूक कशी घडू शकते ते आधी पाहू. गाडीत एकच जागा शिल्लक आहे. इंदूरचा एक प्रवासी आणि बडोद्याचा एक प्रवासी एकाच वेळी तिची मागणी करतात. इंदूरच्या मागणीचे काम करणारी आज्ञावली वहीत पाहते: शिल्लक १. बडोद्याची आज्ञावलीही पाहते: शिल्लक १. पहिली त्यातून एक वजा करून ० लिहिते व तिकीट देते. दुसरीनेही १ हाच आकडा वाचून ठेवलेला असल्याने तीही एक वजा करते, ० लिहिते आणि तिकीट देते. दोघींचे गणित बिनचूक आहे. वहीतला अंतिम आकडाही शून्यच, म्हणजे बरोबर दिसतो. चूक प्रकट होते ती रात्री फलाटावर, जेव्हा दोन माणसे एकाच बर्थवर आपापली वळकटी ठेवू पाहतात. वाचणे आणि लिहिणे ह्या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, आणि त्यांच्यामधल्या फटीत दुसरा कोणीतरी शिरला. सारे दुखणे एवढेच.

ही फट किती महाग पडू शकते ह्याचे उदाहरण कॅनडात घडले. फ्लेक्सकॉइन नावाची एक पेढी लोकांची बिटकॉइन ही आभासी मुद्रा सांभाळीत असे. २०१४ च्या मार्च महिन्यात चोरट्यांनी तेथे आपल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळविण्याच्या हजारो मागण्या एकदम केल्या. पहिल्या मागणीने शिल्लक कमी होण्यापूर्वीच पुढच्या मागण्या जुनी शिल्लक वाचून पुढे गेल्या, आणि खात्यात नसलेली रक्कम दुसऱ्या खात्यात जमा होत गेली. ८९६ बिटकॉइन गेले आणि पेढीला टाळे लागले. कुलूप फोडले नाही, किल्ली चोरली नाही; केवळ घाई केली.

ह्या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. जिम ग्रे हे त्यातले अग्रगण्य नाव. ह्याच कार्याबद्दल त्यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. ईश्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर ह्या चौघांनी १९७६ साली एक निबंध प्रसिद्ध केला, आणि आजही विद्यार्थ्यांना त्याच्यापासूनच आरंभ करावा लागतो. त्यांच्या विचाराचा गाभा ‘व्यवहार’ ह्या कल्पनेत आहे. शब्द आपल्या नित्य परिचयाचा. पण येथे त्याला काटेकोर अर्थ आहे. एकत्रच पार पडली पाहिजेत अशा क्रियांची मोट म्हणजे व्यवहार. ती पूर्ण होईल, अथवा मुळीच झाली नाही असे मानले जाईल. अर्धवट अशी अवस्थाच नाही.

पण वीज गेली तर? माझ्या खात्यातून हजार रुपये वजा झाले, आपल्या खात्यात जमा व्हावयाचे राहिले आणि यंत्र बंद पडले, तर ते हजार रुपये कोठे आहेत? ह्याचे उत्तर आपल्या जुन्या दुकानदारांना चांगले ठाऊक होते. ते खतावणीत एकदम हात घालीत नसत. आधी रोजकीर्दीत नोंद, मग खतावणी. संगणकही अगदी तेच करतो. खात्यातला आकडा बदलण्यापूर्वी, कोणत्या व्यवहाराने कोणता आकडा काय होता तो काय केला, हे तो आपल्या रोजकीर्दीत क्रमाने लिहितो, आणि ती नोंद कायमच्या साठ्यावर उतरल्याखेरीज खतावणीतले पान तेथे उतरू देत नाही. व्यवहार पूर्ण झाल्याची नोंदही अशीच उतरावी लागते. ती उतरेपर्यंत ग्राहकाला ‘झाले’ असे सांगावयाचे नाही, हा दंडक. यंत्र पुन्हा सुरू झाले की रोजकीर्द वाचून काढावयाची. ज्यांची पूर्ततेची नोंद आहे ते व्यवहार टिकवायचे, बाकीचे उलटवून टाकायचे.

हे सांगावयास सोपे. प्रत्यक्षात फार कटकटीचे. उलटवण्याचे काम चालू असतानाच पुन्हा वीज गेली तर काय, असे प्रश्न त्यात आहेत. मद्रासच्या आयआयटीतून पदवी घेऊन अमेरिकेस गेलेले सी. मोहन आणि त्यांचे आयबीएममधील सहकारी ह्यांनी १९९२ साली ‘एरीज’ नावाची रीत विस्ताराने मांडली. तिच्यातील युक्ती वरकरणी उफराटी वाटते. यंत्र उठले की आधी घडलेले सारे पुन्हा जसेच्या तसे घडवायचे, जे व्यवहार पुढे रद्द करावयाचे आहेत तेसुद्धा. म्हणजे वही नेमकी अपघाताच्या क्षणीच्या स्थितीत येते. मग अपुरे व्यवहार एकेक करून मागे घ्यायचे, आणि मागे घेण्याच्या प्रत्येक कृतीचीही रोजकीर्दीत नोंद करायची. मग कितीही वेळा वीज जावो. पुढे कित्येक माहितीसंचांनी ही रीत स्वीकारली.

आता पुन्हा आपल्या दोन प्रवाशांकडे वळू. सर्वात सोपा उपाय म्हणजे एका वेळी एकच व्यवहार चालू देणे, म्हणजेच जुनी वही आणि जुनी रांग. ते आपल्याला नको आहे. ग्रे व त्यांचे सहकारी ह्यांनी जी कसोटी दिली ती अशी: व्यवहार खुशाल एकमेकांत मिसळून चालू द्यावेत, परंतु अखेरचा परिणाम असा असावा की जणू ते कोणत्यातरी क्रमाने एकामागून एक झाले. आधी इंदूर मग बडोदे, की आधी बडोदे मग इंदूर, ह्याची यंत्राला फिकीर नाही. पण ह्या दोहोंपैकी एक तरी कथा खरी ठरली पाहिजे. दोघांना एकच बर्थ मिळाला, ही गोष्ट कोणत्याच क्रमात बसत नाही. म्हणून ती चूक.

ही कसोटी पाळण्याचे जुने साधन म्हणजे कुलूप. एकेरी लोहमार्गावरून आपण प्रवास करीत असाल तर इंजिनचालकाला स्थानकावर धातूचा एक गोळा दिला जाताना पाहिले असेल. तो गोळा हाती असल्यावाचून पुढच्या टप्प्यात गाडी घालता येत नसे, आणि एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. संगणकातील कुलूप हे त्याच जातीचे. ज्या नोंदीला हात लावायचा तिचा गोळा आधी मिळवायचा. नुसते वाचणाऱ्यांना तो वाटून घेता येतो; लिहिणाऱ्याला मात्र एकट्याला लागतो.

परंतु कुलूप लावले म्हणजे काम झाले, हा समज खोटा आहे. बचत खात्यातून हजार रुपये काढून चालू खात्यात टाकावयाचे आहेत. बचत खात्याला कुलूप लावले, रक्कम काढली, कुलूप सोडले. मग चालू खात्याला कुलूप लावून रक्कम जमा केली. प्रत्येक पाऊल सुरक्षित दिसते. पण मधल्या क्षणी कोणी दोन्ही खात्यांची बेरीज घेतली तर ती हजार रुपयांनी कमी भरेल. म्हणून नियम असा की एकदा एक जरी कुलूप सोडले, तरी त्यानंतर नवे कुलूप घ्यावयाचे नाही. आधी सारी मिळवीत जायची, मग सारी सोडीत जायची. ह्या साध्या नियमाने वरची कसोटी आपोआप पाळली जाते, हे १९७६ च्या त्या निबंधात सिद्ध करून दाखविले आहे.

ह्यातून नवीच अडचण उभी राहते. रामराव गोविंदरावांना पैसे पाठवीत आहेत आणि त्याच क्षणी गोविंदराव रामरावांना. पहिला व्यवहार रामरावांच्या खात्याला कुलूप लावून गोविंदरावांच्या खात्याची वाट पाहतो, दुसरा त्याच्या उलट. दोघेही जन्मभर थांबतील. माणसे असती तर एकाने भिडेखातर वाट दिली असती. यंत्राला भीड नाही. ते कोण कोणासाठी खोळंबला आहे ह्याची साखळी तपासते आणि वर्तुळ आढळले की त्यातील एकाचा बळी देते, म्हणजे त्याचे सारे काम उलटवून त्याला पुन्हा आरंभापासून पाठविते. शहाणे आज्ञावलीकार ही वेळच येऊ देत नाहीत. ज्याचा खातेक्रमांक लहान त्याचे कुलूप नेहमी आधी, एवढी शिस्त पाळली की वर्तुळ होतच नाही.

कुलपांचा आणखी एक जाच असा की बँकेच्या वरिष्ठांनी सर्व खात्यांचा गोषवारा मागितला, तर तो तयार होईपर्यंत एकही खिडकी चालू शकणार नाही. यावर युक्ती निघाली ती जुनी पाने न फाडण्याची. प्रत्येक बदलाबरोबर नोंदीची नवी प्रत लिहायची आणि जुनी काही काळ ठेवायची. वाचणाऱ्याने ज्या क्षणी वाचावयास आरंभ केला त्या क्षणीचे चित्र त्याला अखेरपर्यंत दिसत राहते. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवीत नाही, लिहिणारा वाचणाऱ्याला नाही. ओरॅकल, पोस्टग्रेस वगैरे अनेक मोठे माहितीसंच आज ह्याच वाटेने जातात.

येथे मात्र सावध राहिले पाहिजे. विद्वानांच्या निबंधांत रुग्णालयाचे एक उदाहरण वारंवार येते. रात्रपाळीला किमान एक डॉक्टर हवाच असा नियम आहे, आणि आज दोघे आहेत. दोघांनाही बरे वाटत नाही. पहिला वहीत पाहतो, दुसरा हजर आहे. म्हणून स्वतःची रजा लिहितो. दुसराही त्याच क्षणीचे चित्र पाहतो, पहिला हजर आहे. तोही रजा लिहितो. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या, कोणी कोणाची नोंद पुसली नाही, आणि रुग्णालय त्या रात्री डॉक्टरावाचून राहिले. एकामागून एक गेले असते तर दुसऱ्याची रजा नामंजूर झाली असती. हा दोष १९९५ साली एका निबंधाने चव्हाट्यावर मांडला. तो पकडणारी पद्धत २००८ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी सुचविली आणि २०११ मध्ये ती पोस्टग्रेसमध्ये आली. पण ती मागून घ्यावी लागते. न मागितल्यास ओरॅकल व पोस्टग्रेस दोन्ही कमी कडक शिस्तीने काम करतात, कारण कडक शिस्त वेगाला मारक ठरते. आपल्या संस्थेची वही कोणत्या शिस्तीवर चालते, हे पुष्कळ चालकांना ठाऊकच नसते, आणि हे मला चिंतेचे वाटते.

आतापर्यंत आपण एकाच वहीचा विचार केला. वह्या दोन आणि दोन ठिकाणी असतील तर? तेथे एक मध्यस्थ दोघांनाही आधी विचारतो, तुम्ही तयार आहात ना? दोघांनी रुकार दिला तरच तो ‘झाले’ असे जाहीर करतो. ग्रे ह्याला ख्रिस्ती लग्नाची उपमा देत. गोव्यातील श्रोत्यांना ती लगेच पटेल. पाद्री वराला विचारतो, वधूला विचारतो, दोघांचे होकार मिळाल्यावरच विवाह झाला असे घोषित करतो. फक्त होकार घेऊन पाद्रीच नाहीसा झाला, तर दोघेही ताटकळत राहतात, कुलपे तशीच लावून.

बँका एकमेकींसाठी अशा ताटकळू शकत नाहीत. म्हणून २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये वेगळी तोड आहे: एका बँकेत रक्कम वजा झाली आणि दुसरीत जमा झाली नाही, तर उलट नोंद करून ती परत आणायची. गेल्या भाऊबीजेला मी बडोद्याच्या बहिणीला ओवाळणी धाडली, ती माझ्या खात्यातून गेली पण तिच्या खात्यात पोचली नाही. आम्ही दोघांनी दूरध्वनीवर एकमेकांची बरीच समजूत घातली. दुसऱ्या दिवशी रक्कम मुकाट्याने माझ्याकडे परत आली. ह्याला नियम आहे, आणि तो सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात आहे. व्यक्तीने व्यक्तीला पाठविलेली रक्कम अशी अडकल्यास ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यावी लागते. न आल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई खातेदाराला, त्याने तक्रार केली नसली तरी, बँकेने द्यावयाची आहे.