मुंगूसवेलीच्या पलीकडे

लेखमाला : रानातला दवाखाना (भाग ४)

मागच्या आठवड्यात आपण घरच्या कुत्र्या-मांजरांचे गवत खाणे पाहिले. आज रानातल्या प्राण्यांकडे वळू. सुरुवात मात्र हिंजवडीतूनच.

फेज तीनच्या पुढे, माणच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर परवा मुंगूस दिसले. घेटुळीच्या पसाऱ्यात शिरून त्याने नाक मातीत खुपसले, पुढच्या पायांनी भराभरा उकरले आणि मान वर काढून आमच्याकडे पाहिले. शेजारी उभे असलेले आजोबा म्हणाले, "वेल हुडकतंय. नागाशी जुंपली असंल."

साप चावला की मुंगूस मुंगूसवेल खाते, ही समजूत फार जुनी. अथर्ववेदातही औषध जाणणारा प्राणी म्हणून मुंगसाचा उल्लेख आहे. पण नागापासून त्याला वाचवते ते त्याचे स्वतःचेच शरीर. नागाच्या विषातला एक घटक स्नायूंवरच्या ॲसिटिलकोलीन ग्राहकांना चिकटतो. मग मज्जातंतूंचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही आणि श्वास थांबतो. मुंगसाच्या ग्राहकांची ठेवण वेगळी असल्यामुळे तिथे हे विष नीट चिकटत नाही. चपळाई आणि फुललेले राठ केस आहेतच मदतीला.

मग प्राणी औषध घेतात, हे खोटे का? मुळीच नाही. फक्त तीन गोष्टी तपासाव्या लागतात : प्राणी खरोखर आजारी होता का, खाल्लेली वनस्पती त्याच्या रोजच्या आहारातली नव्हती ना, आणि ती खाल्ल्यावर त्याला बरे वाटले का.

या तिन्ही कसोट्यांना उतरलेली नोंद टांझानियातल्या महाले डोंगरांतली आहे. नोव्हेंबर १९८७ मध्ये चिंपांझींचे अभ्यासक मायकेल हफमन आणि तिथले जाणकार मोहमेदी सैफू कलुंदे हे चौसिकू नावाच्या चिंपांझी मादीच्या मागावर होते. ती मलूल होती, सारखी आडवी पडत होती. तिने एका कडू झुडपाचा कोवळा कोंब तोडला, साल सोलली, आतला गाभा चावून रस गिळला आणि चोथा थुंकला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हिंडू-खाऊ लागली. पुढे अशाच एका चिंपांझीच्या विष्ठेतली जंतांची अंडी ग्रॅममागे १३० वरून २० तासांत १५ वर आल्याचे आढळले. कलुंदे यांचे टोंग्वे लोकही हेच झुडूप पोटाच्या दुखण्यावर वापरतात. आपल्याकडे जंतांवर दिले जाणारे कडू जिरे याच झुडपाचे जवळचे नातलग!

आपल्याकडच्या नोंदीही आहेत. गवे पांढऱ्या कुड्याची साल खातात. तीच साल आयुर्वेद आमांशावर देतो. रानडुकरे पुनर्नवेची, म्हणजे घेटुळीची, मुळे उकरून खातात. तीही जंतांवर चालतात. मात्र या प्राण्यांना तेव्हा नेमका तोच आजार होता का, हे कोणी तपासलेले नाही. मुळशी-ताम्हिणीच्या रानात बसून विष्ठेचे नमुने गोळा करणारे, वर्षभर चिकाटीने नोंदी ठेवणारे तरुण अभ्यासक त्यासाठी हवेत.

आणि हवा तो कुडा. डोंगरउतार सपाट करताना आपण झुडूप म्हणून जे उपटतो, ते एखाद्या आजारी जनावराचे औषध असू शकते. परवाच्या त्या प्लॉटला आता पत्रे लागले आहेत. आतली घेटुळी अजून हिरवी आहे.

पुढच्या आठवड्यात : घरट्यात सिगारेटची थोटके विणणाऱ्या मेक्सिको सिटीतल्या चिमण्या.