काचेची पाटी आणि अडलेली वैखरी

बारामतीचे नाव निघाले, की रसिक वाचकांस प्रथम मोरोपंत आठवतात. 1794 साली देह ठेवीपर्यंत ज्या पुरुषाने या कऱ्हेकाठी आर्यांचा पाऊस पाडिला, त्याच्या गावी शब्दांचा दुष्काळ कोठून असावयाचा? परंतु याच पंचक्रोशीत, आमच्या चुलतबंधूंच्या घरी, त्यांचा एक नातू सात वर्षांचा झाला तरी त्याच्या मुखातून मागणीचा एकही शब्द निघाला नव्हता. तहान लागली म्हणजे तो माठापाशी जाऊन आक्रोश करी. घरात कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे हट्टी आहे, कोणी म्हणे अमक्या काकांसही वाचा उशिराच फुटली होती.

डॉक्टरांनी निदान केले ते स्वमग्नतेचे. लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांच्या वृत्तांतासह ही अवस्था विस्ताराने वर्णिली. हे वेड नव्हे, की आईच्या संगोपनातील उणेपणाही नव्हे. मेंदूची घडणच निराळी असते. अशी कित्येक मुले अस्खलित बोलतात. काहींची वाणी मात्र अडते.

येथे आम्हांस आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. शाळेत असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. "तुझे नाव काय?" असे विचारले, की तोही "तुझे नाव काय?" असेच म्हणे. आम्ही तो उद्धटपणा समजून छडी उगारली. ऐकलेलेच शब्द परत उच्चारणे हे स्वमग्नतेचे एक लक्षण असू शकते, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. तो आम्हांस खिजवीत नसून शब्द चाचपडत असावा.

असो. नातवाच्या शाळेतील बाईंनी त्याच्यासाठी टॅब्लेट आणावयास सुचविले. ते ऐकून वहिनींनी भाबडेपणाने विचारले, "भावजी, ही गोळी जेवणाआधी द्यायची की नंतर?" सारे घर हसले, पण ही काचेची पाटी पुढे औषधाहूनही उपयोगी पडली.

या पाटीवर चित्रे असतात. चित्रावर बोट ठेविले की ती तो शब्द बोलते. मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेले 'जेलो' हे साधन मराठीतही मिळते, व तेही विनामूल्य. त्यात चित्रांच्या दोहो बाजूंस आवडते, होय, आणखी आणि आवडत नाही, नाही, कमी अशा अर्थाच्या सहा कळा आहेत. उच्चारलेला शब्द क्षणात विरतो, चित्र मात्र डोळ्यांपुढे टिकून राहते. म्हणून अशा पुष्कळ मुलांस ते सुलभ वाटते. आपल्या शास्त्रकारांनी वाणीचे परा, पश्यंती, मध्यमा व वैखरी असे चार प्रकार मानिले आहेत. या बालकाच्या अंतरी पहिल्या तिन्ही नांदत होत्या. अडली होती ती केवळ वैखरी.

"यंत्रच बोलू लागले, तर मूल कशाला बोलेल?" ही शंका आमच्या बंधूंसही आली. 2006 साली अमेरिकेतील मिलर, लाइट व श्लोसर यांनी, खुणा, चित्रे वा यंत्रे यांचे साहाय्य दिलेल्या व्यक्तींवरील प्रयोग एकत्र तपासले. विश्वसनीय ठरलेल्या 27 उदाहरणांपैकी एकातही बोलणे घटले नव्हते; 89 टक्क्यांत ते वाढले होते.

मात्र नुसती पाटी हाती देऊन भागत नाही. गाणी दाखवून मूल गप्प बसविणे हा तिचा उपयोग नव्हे. वर्गात शिक्षकांनी दिवसाचा क्रम चित्रांनी लावून दाखवावा, प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी धीराने थांबावे, आणि स्वतःही बोलताना चित्रांवर बोट ठेवावे. शिक्षा म्हणून पाटी काढून घेणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. ती त्या मुलाची जीभ आहे. जीभ कोणी कपाटात कोंडून ठेवीत नाही. 2016 च्या कायद्याने स्वमग्नतेस अपंगत्वाच्या प्रकारांत स्थान दिले असून, ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या मुलांस 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तेव्हा शाळेकडे हे मागणे म्हणजे याचना नव्हे.

एकत्र कुटुंबास तर येथे मोठीच सोय आहे. एकट्या आईवर भार न टाकिता आजी-आजोबा, काका-काकू, चुलत भावंडे या सर्वांनी ती पाटी शिकून घ्यावी. म्हणजे मुलास बोलावयास दहा माणसे मिळतात.

काही महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. वहिनी मोठ्या प्रेमाने नातवास दूधभात भरवीत होत्या. त्याने पाटी ओढून घेतली व कळ दाबली. पाटी म्हणाली, "नाही." वहिनींचे डोळे भरून आले. "पहिला शब्द बोलला, तोही नकाराचा!" असे त्या म्हणाल्या. आम्ही म्हटले, "वहिनी, एरवी त्याने ताट भिरकाविले असते. आज त्याने तुम्हांस सांगितले." त्यांनी क्षणभर विचार केला, दूधभात बाजूस ठेविला, आणि स्वतः चित्रावर बोट ठेवून विचारले, "पोळी?"

त्याने होकाराची कळ दाबली.