विश्लेषण : व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज वाढतो, पण धूळ खेचली जात नाही, असे का?

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर खाली येतो. बटण दाबताच घरभर आवाज होतो, पण सोफ्यावरची धूळ जागची हलत नाही. ‘मोटर गेली’ असे समजून यंत्र दुरुस्तीला किंवा थेट भंगारात जाते. प्रत्यक्षात अनेकदा दोष मोटरचा नसून तुंबलेल्या फिल्टरचा असतो.

सक्शन कमी का होते?

मोटरवरचा पंखा हवा बाहेर फेकतो. त्यामुळे आतला दाब कमी होतो आणि नळीतून धुळीसह हवा आत खेचली जाते. धूळ पिशवीत किंवा डब्यात साठते, हवा फिल्टरमधून बाहेर पडते. बारीक धुळीने छिद्रे बुजली की हवेची वाट अडते. पिशवी अर्धी रिकामी असली तरीही असे होऊ शकते.

मग आवाज का वाढतो?

हवा अडली की पंख्यावरचा भार घटतो आणि मोटर अधिक वेगाने फिरते. म्हणजे कर्कश आवाज हे ताकदीचे नव्हे, तर अडथळ्याचे लक्षण आहे. बहुतेक घरगुती ‘ड्राय’ यंत्रांत हीच हवा मोटरला थंड ठेवते. त्यामुळे तसेच यंत्र चालवत राहिल्यास मोटर तापून खरोखरच जळू शकते.

अडथळा कुठे आहे, हे कसे ओळखावे?

नळी काढून यंत्र सुरू करा आणि तोंडाशी तळहात धरा. ओढ जोरदार असेल तर अडथळा नळीत किंवा ब्रशमध्ये आहे. ओढ कमी असेल तर पिशवी आणि फिल्टर तपासा.

स्वच्छता कशी करावी?

आधी प्लग काढा. पिशवी किंवा डबा शक्यतो घराबाहेर, तोंडाला मास्क लावून रिकामा करा; दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. कागदी पिशवी धुऊ नये, बदलावी. माहितीपुस्तिकेत ‘धुता येतो’ असे लिहिले असेल तरच फिल्टर साध्या पाण्याने धुवा. तो सावलीत किमान २४ तास वाळू द्या. पावसाळ्यात आणखी वेळ लागतो. ओलसर फिल्टरला वास येतो, बुरशी धरते. ब्रशच्या रोलरला गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढा. नळीत तार खुपसू नका, ती फाटते.

काय खेचू नये?

‘ड्राय’ यंत्राने पाणी खेचल्यास शॉक बसू शकतो. उदबत्तीची किंवा फटाक्यांची राख पूर्ण विझलेली नसेल तर पिशवी पेटू शकते. भिंतीची पुट्टी घासल्यावर उडणारी भुकटी फिल्टर काही मिनिटांत बुजवते. ती ओल्या फडक्याने पुसलेली बरी. फिल्टर काढून यंत्र चालवणे हा उपाय नव्हे. धूळ थेट मोटरमध्ये जाते आणि उरलेली खोलीत परतते.

मेकॅनिकला कधी बोलवावे?

यंत्र चालता चालता बंद पडले तर आधी ते थंड होऊ द्या. अनेक यंत्रांत मोटर तापली की वीज तोडणारी सोय असते. सर्व साफ करूनही ओढ येत नसेल, जळका वास येत असेल किंवा मोटरमधून मोठ्या ठिणग्या दिसत असतील, तर वापर थांबवा. मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात. त्यासाठी मात्र मेकॅनिकच हवा.