भिंतीला गादी, हॉलमध्ये वाघ

जिनिंगमध्ये मुनीमकी करताना कापसाची गाडी आली की माझा हात आधी कापसात जायचा, वजन मग. ओलावा आठ टक्क्यांवर गेला की भाव कापायचा, बारा ओलांडले की कापूस महामंडळ (सीसीआय) घेतच नाही. एवढी पारख असलेला मी, पण होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायला हैदराबादला गेलो आणि खोक्यावर ‘१८० वॅट’ वाचून भुललो.

पोरानं खोकं उलटं केलं. “बाबा, बारीक अक्षरं वाचा.” १८० वॅट कधी? तर एकच चॅनेल चालू, ६ ओहमचा स्पीकर, एकाच पट्टीतला आवाज आणि १० टक्के विकृती चालवून घेतली तर. खालच्या ओळीत दोन चॅनेल, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्‌झ, विकृती ०.०८ टक्के : ९० वॅट. हा कोरडा कापूस. भाव याचाच करायचा.

त्यातही वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. म्हणजे ८५ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १०० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढा ८८चा ५० वॅटवर वाजतो. म्हणून आधी स्पीकर ठरवावेत, रिसीव्हर नंतर. आम्ही उलटं करत होतो.

चॅनेलचा हिशेब सोपा आहे. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. डॉल्बी ॲटमॉससाठी छताला दोन स्पीकर लावले की ५.१.२, त्याला सात चॅनेलचा रिसीव्हर लागतो. छताला चार लावायचे तर नऊचा. डेनॉनचा एक्स३८००एच नऊ चॅनेलचा आहे. पण आमचा हॉल १२ बाय १६, वर स्लॅब. चार ठिकाणी ड्रिल कोण मारणार? सातवर थांबलो. टीव्हीची वायर मात्र ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय खाचेतच लावा. साध्या एआरसीतून सराउंड आवाज दाबलेलाच जातो.

रिसीव्हरसोबत छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी ठेवला की यंत्र स्पीकरची अंतरं मोजतं, आवाज जुळवून घेतं. ऑडिसी, डिरॅक, यामाहाचं वायपाओ, सगळी त्याच कामाची. पण फरशी, काच आणि कोऱ्या भिंतींतला घुमारा त्याला पुसता येत नाही. हॉलमध्ये टाळी वाजवली तर ‘टण्ण’ असा शेपटीचा आवाज यायचा. कपाटातल्या कापसाच्या दोन गाद्या काढून मागच्या भिंतीला टांगल्या, पुन्हा टाळी वाजवली. शेपटी गेली.

“अहो, घराचं गोडाऊन केलंत!” बायको म्हणाली.

मग ‘आरआरआर’ लावला. २०२२चा सिनेमा, त्यातला भीम आपल्याच आदिलाबादच्या जंगलातला. वाघाची डरकाळी आली तशी नातीनं पाय सोफ्यावर ओढून घेतले. संवादही आता स्पष्ट ऐकू येत होते. माझ्या कानाला तेच जास्त हवं होतं.

एक चूक केलीच. रिसीव्हर टीव्हीखालच्या काचेच्या शोकेसमध्ये कोंबला. मे महिन्यात, ऐन मारामारीत, तापून बंद पडला. आता तो उघड्या फळीवर असतो, वर वीतभर मोकळी जागा सोडून.

दिवाळीत पाहुणे आले की गाद्या खाली उतरतात. त्या रात्री हॉल पुन्हा टणटणतो.