सर्व्हरवरील डॉम-पृथक्करण आणि ब्राउझरशी एकवाक्यता

एचटीएमएलचा मजकूर वाचून त्याचा घटकवृक्ष उभारणे, म्हणजेच डॉम-पृथक्करण, हे कार्य ब्राउझर करतो, तसेच सर्व्हरवर चालणारी पीएचपीसारखी भाषाही आपल्या लायब्ररीकरवी करते. एकाच मजकुरापासून दोघांनी भिन्न वृक्ष उभारल्यास काय घडते, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या नंदुरबार जिल्ह्यातील सहा तालुक्यांची सारणी एखाद्या पृष्ठावर आहे, असे समजावे. तीत ‘टेबल’ या टॅगच्या आत ‘टीआर’ टॅगने सहा ओळी मांडल्या असून ‘टीबॉडी’ हा मधला टॅग लिहिलेला नाही. ब्राउझर तो स्वतः घालतो. अभ्यासक ब्राउझरमध्ये पाहून ‘टेबल, टीबॉडी, टीआर’ हा मार्ग टिपून घेतो व सर्व्हरवरील प्रोग्रॅममध्ये लिहितो. पीएचपीचा जुना ‘डॉमडॉक्युमेंट’ हा वर्ग मात्र तो टॅग घालत नाही. परिणामी हाती शून्य ओळी येतात. चुकीची सूचनाही मिळत नाही. सहा तालुके निमूटपणे नाहीसे होतात.

याचे कारण ऐतिहासिक आहे. हा वर्ग ‘लिबएक्सएमएल २’ या लायब्ररीवर आधारलेला असून तिची वृक्षरचना एचटीएमएल ४ च्या काळातील आहे. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ या प्रमाणकात सदोष लेखनाचे नेमके काय करावे, हे ठरवून दिलेले नव्हते. ही उणीव एचटीएमएल ५ ने भरून काढली. सारणीत चौकटीबाहेर पडलेला मजकूर सारणीच्या आधी हलवावा, इतक्या बारकाईने त्यातील नियम लिहिलेले आहेत. म्हणजेच, सदोष मजकुराचाही आता एकच योग्य वृक्ष असतो.

देवनागरीस आणखी एक बाधा होती. लिपिसंकेताची घोषणा नसल्यास जुना वर्ग परंपरेने मजकूर आयएसओ ८८५९-१ मधील मानीत असे. यूटीएफ-८ मध्ये ‘नंदुरबार’ या शब्दाची आठ चिन्हे चोवीस बाइट व्यापतात. त्यांची चोवीस निरर्थक अक्षरे होत.

नोव्हेंबर २०२४ मधील पीएचपी ८.४ ने यावर उपाय योजला. ‘लेक्सबॉर’ या लायब्ररीच्या आधारे एचटीएमएल ५ चे नियम पाळणारा ‘एचटीएमएलडॉक्युमेंट’ हा नवा वर्ग त्यात आला. जुना वर्गच दुरुस्त का केला नाही, असा प्रश्न येथे उद्भवतो. नव्या वृक्षात घटकांची नावे ब्राउझरप्रमाणे मोठ्या लिपीत मिळतात. घटक एक्सएचटीएमएलच्या नामावकाशात जात असल्याने तो नोंदविल्याशिवाय जुने एक्सपाथ मार्गही लागू पडत नाहीत. जुना वर्ग बदलला असता, तर त्याच्या दोषांवर विसंबून वर्षानुवर्षे चाललेले प्रोग्रॅम तितक्याच निमूटपणे कोलमडले असते. यास्तव दोन्ही वर्ग शेजारी ठेवून निवड प्रोग्रॅमरवर सोपविली आहे. ही निवड करताना मार्ग ज्या वृक्षावर तपासला, त्याच प्रकारच्या वृक्षावर तो चालविला जाईल, एवढी दक्षता घेणे आवश्यक होय.