मुंगसाचें अनेकवचन

परवां सायंकाळीं आमचा नातू इंग्रजीचा अभ्यास करीत बसला असतां त्यानें विचारिलें, “आजोबा, ‘गूस’चें अनेकवचन ‘गीस’, तर ‘मंगूस’चें ‘मंगीस’ कां नव्हे?”

प्रश्न मोठा मार्मिक. ‘गूस’ हा इंग्रजांच्या घरचा जुना शब्द. त्याचें अनेकवचन आंतील स्वर पालटून होतें. ‘मंगूस’ मात्र आपलें मराठी मुंगूस! सतराव्या शतकाच्या अखेरीस तें इंग्रजी लेखनांत शिरलें आणि इतर शब्दांप्रमाणें सरळ प्रत्यय घेऊन ‘मंगूसेस’ झालें. १८९४ सालीं किपलिंगनें ‘द जंगल बुक’मध्यें एका मुंगसासच कथानायक केलें. त्याचें कूळ-गोत्र कोणीं विचारिलें नाहीं.

परका शब्द आपला झाला कीं नाहीं, हें ओळखण्याची कसोटी व्याकरणांतच आहे. तो आपली विभक्ति निमूटपणें घेतो काय, एवढें पाहावें. फारसीच्या वाटेनें आलेला कागद ‘कागदास’ होतो, पोर्तुगीजांचें बाक ‘बाकावर’ होतें, इंग्रजी टेबल ‘टेबलाखालीं’ जातें.

हा वाद आमच्या करवीरनगरीस नवा नाहीं. येथील राजाराम कॉलेजांत १९२८ पासून अध्यापन करणारे माधवराव पटवर्धन यांनीं ‘जूलियन’ हें टोपणनांव इंग्रजी वाङ्मयांतून घेतलें, १९२५ सालीं फारशी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परकीय शब्दांविरुद्ध बाजू मांडिली. टोपणनांव मात्र जूलियनच राहिलें!

आम्हीहि ऐन उमेदींत शुद्धीचे कट्टर अभिमानी होतों. एका खेड्यांतील मुलानें ‘माझे वडील’ या निबंधांत लिहिलें होतें, “बैल मेला तरी बापानं हिंमत सोडली नाही.” ‘हिंमत’ फारसीच्या वाटेची, म्हणून आम्हीं तिजवर तांबडी रेघ ओढून ‘धैर्य’ लिहिलें. मुलगा हळूच म्हणाला, “गुर्जी, आमच्या घरात धैर्य म्हणत न्हाईत.” आम्हीं त्यास खालीं बसविलें. त्या वर्षीं त्यानें पुनः पुस्तकाबाहेरचें, स्वतःचें असें एकहि वाक्य लिहिलें नाहीं. ती तांबडी रेघ निवृत्तीनंतरहि आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं.

नवे शब्द घडवूंच नयेत, असें आमचें म्हणणें नव्हे. सावरकरांचे ‘दिनांक’, ‘महापौर’ आज सर्वांच्या तोंडीं आहेत. परंतु ते रुळले, कारण लोकांनीं ते आपखुषीनें उचलले. त्याच न्यायानें घरोघर नांदणारा शब्द केवळ जन्मस्थान पाहून हांकलूं नये. ‘हिंमतीनें’ या रूपांत तृतीयेचा प्रत्यय बसला, तेव्हांच तो शब्द मराठी झाला होता. विभक्ति शिकविणारे आम्ही, आणि नेमकें तेंच विसरलों!

नातवास आम्हीं सांगितलें, “ ‘मंगूसेस’ लिही. आपलें मुंगूस तिकडे गेलें, तेव्हां त्यांनीं त्यास आपल्या घरचा प्रत्यय दिला. आलेल्या पाहुण्याशीं आपणहि तसेंच वागावें.”